थांबलेली मालकी, वाहतं पाणी

पाणचक्कीला पोचलं की आधी पाणी ऐकू येतं. उंच भिंतीवरून ते हौदात कोसळत असतं आणि काठावर उभ्या माणसाच्या तोंडावर तुषार येतात. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शाळांच्या सहलींत ही जागा ठरलेली. मी चौथीत असताना पहिल्यांदा गेलो. गुरुजींनी पाण्यावर फिरणारं दगडी जातं दाखवलं, काही किलोमीटरवरच्या डोंगरातून खापराच्या नळांनी पाणी कसं आणलं ते समजावलं. हौदाखाली मोठं दालन आहे, म्हणजे आपण ज्याला हौदाचा तळ म्हणतो ते खालच्या माणसांचं छत आहे, हे ऐकून आम्ही थक्क झालो. पीठ कुणासाठी दळत होते, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ते पीठ लंगरसाठी होतं. बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानहून औरंगजेबाच्या काळात दख्खनमध्ये आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांची इथं खानकाह होती. नावातच मुसाफिर. वाटसरू, फकीर, शिकायला आलेली मुलं, पलटणीतून सुटलेले शिपाई, सगळे इथं टेकत. बाबांच्या मागं त्यांचे शिष्य शाह महमूद यांनी जागा वाढवली, आणि 1744 च्या सुमारास तुर्कताज खान नावाच्या सरदारानं पाणी आणून चक्की बसवली असं मानलं जातं. जातं पाण्यावर फिरायला लागलं म्हणजे रोजच्या भाकरीसाठी कुणाच्या मर्जीची वाट पाहायला नको. दाता गेला, धनी बदलले, तरी डोंगरात पाऊस पडतो तोवर पीठ पडत राहावं, अशी ती रचना.

महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचं मुख्यालय आज याच आवारात आहे. गेल्या एक-दोन वर्षांत ‘वक्फ’ हा शब्द मराठी घरांत पोचला तो भांडणातून: किती एकर, कुणाचा ताबा, कोणतं कलम. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मला कुणी विचारलेला ऐकू आला नाही. माणूस आपली जमीन, विहीर, दुकानाचा गाळा असा कायमचा देऊन का टाकतो? परत कधीही न मिळण्याच्या बोलीवर?

शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथं आहे. ‘वक्फ’चा मूळ अरबी अर्थ थांबणं, थांबवणं. उर्दूत दोन कार्यक्रमांमधल्या विरामाला ‘वक्फा’ म्हणतात तो याच धातूचा. मालमत्ता वक्फ केली की मालकीची वाटचाल तिथं थांबते. तिची विक्री नाही, बक्षीसपत्र नाही, वारसांमध्ये वाटणी नाही. आणि या दानाला ज्या पुण्यप्रकारात धरतात त्याचं नाव ‘सदका-ए-जारिया’. जारिया म्हणजे वाहता. आपल्याकडे हुकूम जारी होतो, नोटीस जारी होते, तोच हा शब्द. एक गोष्ट थांबवायची म्हणजे दुसरी वाहती राहते. पाणचक्कीत दगड फिरतो, पण तो जागा सोडत नाही, म्हणूनच पीठ पडतं.

ही कल्पना आली कुठून, तर परंपरेनं सांगितलेल्या दोन प्रसंगांतून. खैबरमध्ये प्रेषितांचे सहकारी हजरत उमर यांच्या वाट्याला जमीन आली. इतकी चांगली जमीन आपल्याला आजवर मिळाली नव्हती, हिचं काय करू, असं त्यांनी प्रेषितांना विचारलं. सल्ला मिळाला तो असा की मूळ धरून ठेव आणि उत्पन्न दान कर. मग ती जमीन गरिबांसाठी, नातेवाइकांसाठी, गुलामांना सोडवण्यासाठी, पाहुण्या-वाटसरूंसाठी ठेवली गेली, आणि जो तिची देखभाल करेल त्यानं त्यातून बेतानं खायला हरकत नाही असंही ठरलं. ही देखभाल उमर यांनी आपल्या मुलीकडे, हफ्सा यांच्याकडे सोपवली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, पुढं तिच्याकडे परत येतोच.

दुसरा प्रसंग मदिनेतल्या अबू तल्हा यांचा. जे आपल्याला प्रिय आहे त्यातून दिल्याशिवाय खरं पुण्य लाभत नाही, अशा आशयाची कुराणातली आयत त्यांनी ऐकली. त्यांना सगळ्यात प्रिय होती बैरुहा नावाची खजुराची बाग. मशिदीच्या समोरच होती, तिथलं पाणी गोड होतं, प्रेषितही तिथं जाऊन पाणी पीत. ती बाग त्यांनी देऊन टाकली. सल्ला मिळाला की ती आपल्या नातलगांमध्ये दे. नकोसं झालेलं, अंगावर पडलेलं द्यायचं नाही, ज्याच्यावर जीव आहे ते द्यायचं. आणि देताना घरच्यांना परकं मानायचं नाही. पुढच्या चौदा शतकांतल्या वक्फांच्या मागची बरीचशी मनं या दोन वाक्यांत ओळखू येतात.

इथं एक घोळ दूर करायला हवा. जकात म्हटलं की मराठी माणसाला नाक्यावर थांबलेला ट्रक आठवतो. धर्मातली जकात म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठलेल्या संपत्तीवरचा सक्तीचा हिस्सा, रोकड आणि सोन्या-चांदीवर वर्षाला अडीच टक्के. ती द्यावीच लागते आणि दिली की त्या वर्षापुरती संपते. वक्फ कुणी मागत नाही. तो न करणारा पापी ठरत नाही. म्हणून जकात का दिली हा प्रश्न पडत नाही, वक्फ का केला हा पडतो.

मी तो एका निवृत्त शिक्षकांना विचारला. जालना जिल्ह्यातल्या एका बाजारगावात एसटी थांब्याजवळ त्यांनी बोअर घेऊन पाण्याची टाकी आणि चार नळ बसवले आहेत. नाव छापू नका म्हणाले. टाकीवरच्या संगमरवरी पाटीवरही त्यांचं नाव नाही, आईचं आहे. त्या लांबून डोक्यावर पाणी आणायच्या. गुरुजी मराठी माध्यमात शिकलेले आणि शिकवलेले, आमचं बोलणं मराठीतच चाललं होतं. पण आईचा विषय निघाल्यावर ते आपोआप घरच्या भाषेत गेले: “अम्मी के नाम से पानी जारी है, बस.”

माणूस मेल्यावर त्याची कर्मं थांबतात, तीन सोडून: चालू राहणारं दान, लोकांच्या उपयोगी पडणारी विद्या आणि आपल्यासाठी दुआ मागणारं चांगलं अपत्य. ही हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, मुसलमान घरांतल्या मुलांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत असते. गुरुजींनी त्यातलं पहिलं आणि तिसरं एका नळात बसवलं होतं. केलेल्या चांगल्या कामाचं पुण्य दुसऱ्याच्या आत्म्याला पोचवणं याला इसाले-सवाब म्हणतात. उन्हात उतरलेला प्रवासी नळाला तोंड लावतो, आणि ज्या बाईला त्यानं कधी पाहिलं नाही तिच्या हिशेबात एक ओळ वाढते. मी हा हिशेब शब्दशः घ्यावा की नाही, यानं काही फरक पडत नाही. तो घेतात म्हणून नळाला पाणी आहे.

पाटीवर नाव लावण्याबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. आपल्या घाटांच्या पायऱ्यांवर, धर्मशाळांच्या कमानींवर, देवळातल्या घंटांवरही नावं कोरलेलीच आहेत. वाचणाऱ्यानं क्षणभर आठवण काढावी एवढीच त्यामागची मागणी असते.

पण केवळ परलोकाच्या ओढीनं सगळे वक्फ झाले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. भीतीनंही झाले. तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. ज्या राज्यांत सुलतान केव्हाही संपत्ती जप्त करू शकत होता, तिथं देवाच्या नावानं थांबवलेल्या मालमत्तेला हात लावायला तो कचरत असे. श्रीमंत माणूस वक्फ करायचा, कुटुंबातल्यालाच मुतवल्ली, म्हणजे व्यवस्थापक, नेमायचा, त्याला मेहनताना ठरवून द्यायचा. धर्म साधायचा आणि घरही वाचायचं. मुघलांची जहागीरही वारसाहक्कानं मिळत नसे. ज्यांची जहागीर आज आहे उद्या नाही, त्यांना मागं काही टिकावं असं वाटलं तर सराई, बाग, नहर, मशीद यांच्याकडे त्यांचं मन वळलं यात नवल नाही.

या दोन प्रेरणा एकमेकींच्या विरोधात आहेत असं इंग्रज न्यायाधीशांना वाटलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं 1894 साली बंगालमधल्या एका खटल्यात निकाल दिला की जो वक्फ खरं तर कुटुंबासाठीच आहे आणि गरिबांचा वाटा ज्यात नाममात्र, कधीतरी फार पुढं येणार आहे, तो धर्मादाय नव्हे, म्हणून अवैध. हिंदुस्थानभरच्या मुसलमानांना हे लागलं. त्यांच्या शास्त्रात आपल्या लेकरांना, नातलगांना पोसणं हेही पुण्यच होतं. अबू तल्हांची बाग नातलगांतच वाटली गेली नव्हती का? शिबली नोमानींसारख्या विद्वानांनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि मुंबईचे एक तरुण बॅरिस्टर, महंमद अली जीना, यांनी कायदेमंडळात विधेयक मांडलं. त्यातून 1913 चा मुसलमान वक्फ मान्यता कायदा झाला. धर्मादाय म्हणजे फक्त परक्याला देणं ही कल्पना एका समाजाची, घरापासून सुरू होऊन बाहेर जाणारं देणं ही दुसऱ्याची. दुसरी मला जास्त माणसाळलेली वाटते. तिचा गैरवापर झाला हेही खरं. वक्फच्या नावाखाली मुलींचे हिस्से बुडवले गेल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. कुटुंबासाठीच्या वक्फमुळे स्त्रियांचा वारसाहक्क डावलला जाणार नाही असं 2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात घातलं आहे, आणि त्या कायद्याच्या इतर कलमांबद्दल माझे आक्षेप असले तरी या एका तरतुदीबद्दल नाहीत.

कारण बायकांनी स्वतः किती दिलं आहे! इस्तंबूल शहरातल्या वक्फांची 1546 सालची नोंदवही उपलब्ध आहे. तिच्यातले एक तृतीयांशाहून अधिक वक्फ स्त्रियांनी केलेले आहेत. मेहेर आणि वारशाचा हिस्सा बाईच्या स्वतःच्या हातात येत असे, आणि तो कुठं जावा हे तीच ठरवी. सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम हिनं सोळाव्या शतकाच्या मध्याला जेरुसलेममध्ये अन्नछत्र स्थापन केलं, त्याच्या खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलं. ते अन्नछत्र त्याच शहरात आमच्या काळापर्यंत गरिबांना शिजवून वाढत आलं आहे. हारून अल रशीदची बेगम जुबैदा हिनं मक्केच्या यात्रेकरूंसाठी पाणी आणलं. यात्रेकरूंची वाट आणि पाणी यांचा विचार सत्तेजवळच्या बायकांनी इतका का केला असेल? आपल्याकडे अहिल्याबाई होळकरांनी खासगीच्या पैशांतून गावोगाव घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या आठवतात. घरात पाणी भरण्याचं काम ज्यांच्याकडे असतं त्यांना तहान लवकर कळते, एवढंच मला सुचतं.

शहागंजजवळच्या एका मोहल्ल्यात मला एका आजींनी आपल्या मनगटाकडे बोट दाखवून सांगितलं की तिथली सोन्याची बांगडी आता मदरशाच्या छपरात आहे. नवऱ्यानं लग्नात मेहेर म्हणून दिलेली. चोख शास्त्रानुसार ही देणगी झाली, वक्फ नव्हे. त्यांना हा फरक माहीत नव्हता आणि जाणून घ्यायची गरजही वाटली नाही. पावसात पोरं कोरडी बसतात, हे त्या दोनदा म्हणाल्या.

वक्फांमागची माणुसकी समजून घ्यायला मला इब्न बतूतानं सांगितलेला एक प्रसंग सगळ्यात जवळचा वाटतो. 1326 साली तो दमास्कसमध्ये होता. तिथं कशाकशासाठी वक्फ आहेत हे पाहून तो चकित झाला: हजला जाऊ न शकणाऱ्यांसाठी, गरीब नवऱ्यामुलींच्या सामानासाठी, कैदी सोडवण्यासाठी, रस्त्यांच्या फरसबंदीसाठी. एके दिवशी गल्लीत एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. पोरगं रडकुंडीला आलं, मालक मारणार. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या व्यवस्थापकाकडे घेऊन जा. त्यानं तुकडे पाहिले आणि नव्या थाळीचे पैसे दिले. हा वक्फ करणाऱ्या माणसानं कधीतरी एखाद्या पोराला फुटलेल्या भांड्यासाठी मार खाताना पाहिलं असणार. कदाचित स्वतःच खाल्ला असेल. मोठ्या संकटासाठी दान करणारे सगळीकडे सापडतात. एवढ्या लहान दुःखासाठी कायमची सोय लावून ठेवणारं मन मला अजून समजून घ्यायचं आहे.

आपल्या मराठवाड्याचाही असा एक दूरचा धागा आहे. हैदराबादच्या निजामी राजवटीत मक्केत यात्रेकरूंसाठी ‘रुबात’ म्हणून निवास घेतले गेले. संस्थान 1948 साली संपलं, पण रुबातची अट कायम राहिली: पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातल्या माणसांसाठी. म्हणून बीड-परभणीचा हाजीही त्या सोडतीत येतो आणि चिठ्ठी निघाली तर त्याचा राहण्याचा खर्च वाचतो. राज्य गेलं, सरहद्दी तीनदा बदलल्या, दात्याच्या मनातला नकाशा तेवढा तसाच आहे.

आता त्या बाजूकडे वळतो जिच्याविषयी लिहिताना मला त्रास होतो. मालकी थांबली, पण वाहणंही थांबलं तर? सच्चर समितीनं 2006 साली नोंदवलं की देशात सुमारे 4.9 लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आहेत आणि त्यांचं वार्षिक उत्पन्न जेमतेम 163 कोटी रुपये. नीट सांभाळल्या तर 12,000 कोटी मिळू शकतील असा समितीचा अंदाज होता. मधली दरी कशानं पडली हे मराठवाड्यात फिरलं की दिसतं. मशिदीच्या दिवाबत्तीसाठी, कबरस्तानाच्या राखणीसाठी, खिदमत करणाऱ्या इमामासाठी दिलेल्या इनाम जमिनी सातबाऱ्यावर हळूहळू व्यक्तींच्या नावांवर सरकल्या. चौकातल्या गाळ्याचं भाडं पन्नास वर्षांपूर्वी ठरलं तेच आजही चालू आहे. अतिक्रमण सरकारी खात्यांनी केलं, बाहेरच्यांनी केलं आणि घरच्यांनीही केलं. देवस्थान इनामांची गत याहून वेगळी नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याला ठाऊक आहे. मुंबईत अल्टामाउंट रस्त्यावरची एका मुस्लिम अनाथालयाची जमीन 2002 साली सुमारे 21 कोटी रुपयांना विकली गेली आणि तिथं देशातल्या सगळ्यात महागड्या घरांपैकी एक उभं राहिलं. तो व्यवहार बरोबर की चूक यावर पुढं कोर्टात वाद झाला. कायद्याचा निवाडा काहीही असो, एकोणिसाव्या शतकात अनाथ पोरांसाठी पैसा ठेवणाऱ्याला हे सांगायला आपण कोणत्या तोंडानं जाणार?

त्यात 2025 चा दुरुस्ती कायदा आला. वक्फ करणाऱ्यानं आपण किमान पाच वर्षं इस्लामचं पालन करत असल्याचं दाखवावं, अशी अट त्यानं घातली. सर्वोच्च न्यायालयानं 15 सप्टेंबर 2025 रोजी, ते ठरवण्याचे नियम होईपर्यंत, या अटीला स्थगिती दिली. माणसाची श्रद्धा कोणत्या दाखल्यानं सिद्ध होते? आणि मुसलमानेतरांनी वक्फाला दिलेल्या मालमत्तेबद्दलचं 1995 च्या कायद्यातलं 104 वं कलम काढून टाकलं गेलं. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांनी पीर-मशिदींची दिवाबत्ती चालू ठेवल्याची नोंद आहे. दुसऱ्याच्या दिव्यात तेल घालायची ही जुनी रीत मराठी मुलखाला परकी नाही, आणि तिच्यासाठीची वाट कायद्यातून बुजवली गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यानं देणं थांबलं का? मला तसं दिसलं नाही. ते सरकलं. जमीन देणारे कमी झाले, बोअर, रुग्णवाहिका, डायलिसिसचं यंत्र, मुलींची फी देणारे वाढले. ज्याचा हिशेब डोळ्यांना दिसतो तिकडे हात वळले. श्रद्धा तीच आहे, हदीस तीच आहे. मधला माणूस बदलला की दानाचा आकार बदलतो. पण यात एक नुकसान आहे. यंत्र दहा वर्षांत भंगारात जातं, फी एका वर्षाची असते. दोनशे वर्षं पीठ पाडणारं जातं बसवायला अजून जन्माला न आलेल्या व्यवस्थापकावर विश्वास टाकावा लागतो, आणि तेवढा विश्वास आता फार थोड्यांच्या पदरी उरला आहे.

जालन्याकडच्या गुरुजींच्या बाबतीत हे मला शेवटी कळलं. नळ दाखवून झाल्यावर त्यांनी थांब्यामागचा एक गाळा दाखवला. तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या भाड्यातून टाकीचं वीजबिल जातं, मोटार जळली तर वाइंडिंग होतं. गेल्या उन्हाळ्यात दोनदा जळली. मूळ धरून ठेव आणि फळ दे: खैबरच्या जमिनीला लावलेला तोच नियम दहा बाय बाराच्या गाळ्याला. तो रीतसर वक्फ करायचं त्यांच्या मनात आहे. नोंदवला तर कुणाच्या हाती जाईल ही धास्ती, न नोंदवला तर आपल्यामागं पोरं विकतील ही धास्ती. मुलगा पुण्यात असतो, त्याला गावाचं काही पडलेलं नाही.

घरी नेऊन त्यांनी मला वहीत लिहिलेला वक्फनाम्याचा मसुदा दाखवला. तीनदा लिहिला होता. चतुःसीमा, भाडं, आईचं नाव, सगळं तिन्हींत एकसारखं, शाईनं. पहिल्या दोन मसुद्यांत मुतवल्लीची जागा कोरी होती. मी त्यांना हफ्सांची गोष्ट सांगायला लागलो तर ते म्हणाले, मला ठाऊक आहे, आणि तिसरं पान उलटलं. तिथं त्यांच्या मुलीचं नाव होतं. ती शेजारच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. नाव शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं.